मैत्रिणीला दहा पिढ्या पाठ, माझ्या लेकीला पणजोबाही ठाऊक नाहीत

"आम्ही मिनिआपोलिसजवळ राहतो. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि तिची जिवाभावाची मैत्रीण सोमाली आहे. परवा त्या मुलीनं आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून वडिलांपासून सुरुवात करून दहा पूर्वजांची नावं एका दमात म्हणून दाखवली. लेकीनं मला विचारलं, 'आई, आपले कोण?' मी पणजोबांपाशीच अडखळले. त्याच मैत्रिणीच्या थोरल्या भावाला 'वळण लागावं' म्हणून नैरोबीला पाठवायचं घरात चाललंय, हे सांगताना ती रडली. मंडळातल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन 'अशा लोकांच्या घरी मुलीला फार पाठवू नका' असं सांगितलं. आता मैत्रिणीच्या मावशीच्या लग्नाचं बोलावणं आलंय. पाठवू का? आणि मराठी म्हणून माझ्या मुलीच्या हातात मी नेमकं काय देऊ?"

तुमच्या पत्रात तीन-चार प्रश्न एकात एक गुंतले आहेत. तुमच्या लेकीनं विचारलेल्या प्रश्नापासून सुरुवात करते.

त्या मुलीनं जे म्हणून दाखवलं त्याला सोमालीत अबतिर्सी म्हणतात. बाप, आजा, पणजा असं वर वर चढत थेट कुळाच्या मूळ पुरुषापर्यंत जायचं. सोमाली माणसाला आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं, एवढंच. लग्नानंतर बाई नाव बदलत नाही. अमेरिकेतल्या अर्जावर मात्र तिसऱ्या नावाचं आडनाव होतं, त्यामुळे एकाच घरात बापाचं, आईचं आणि मुलांचं अशी तीन 'आडनावं' दिसतात आणि शाळेत दरवेळी खुलासा करावा लागतो. आपल्या नावात मध्ये वडिलांचं नाव असतं. ते अमेरिकेत 'मिडल नेम' होऊन एका अक्षरावर येतं आणि पुढे गळूनच पडतं. तुमच्या लेकीला ही गोष्ट सांगा. दोघी मैत्रिणींची नावं त्याच अर्जावर, त्याच रकान्यांत अडली आहेत.

पणजोबांच्या पलीकडची नावं हवी असतील तर गावाकडच्या आजीला फोन लावा, आणि फोन लेकीच्या हातात द्या. त्र्यंबकेश्वरला कुणी कधी विधीला गेलं असेल, तर तिथल्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत घराण्याची नावं सापडण्याची शक्यता आहे. यादी मात्र नुसती पुरुषांची करू नका. अबतिर्सीतही बायका नसतात आणि आपल्या वंशावळीतही नसतात. पणजीचं माहेरचं नाव काय होतं, ती कुठल्या गावची होती, हे विचारा. माझ्या घरी हे विचारल्यावर फोनवर बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग एका आत्याला एकदम सगळं आठवलं.

या यादीला एक काळी बाजू आहे, तीही लपवू नका. सोमालीत कुळाला कबील म्हणतात. आपला 'कबिला' हा शब्द त्याच अरबी मुळातला. 1991 च्या जानेवारीत सोमालियाचे हुकूमशहा सियाद बर्रे यांची राजवट कोसळली आणि देश यादवीत गेला, तेव्हा 'तुझा कबील कोणता' या प्रश्नाच्या उत्तरावर माणसं मेली आहेत. म्हणून पश्चिमेत वाढलेली कित्येक सोमाली मुलं या प्रश्नाला उत्तरच देत नाहीत. 'आम्ही सोमाली,' एवढंच म्हणतात. आपल्याकडे 'आडनाव काय?' हा प्रश्न कशासाठी विचारला जातो, हे तुम्हाला आणि मला पुरतं ठाऊक आहे. तेरा वर्षांच्या मुलीला जात म्हणजे काय हे समजतं. पूर्वजांची नावं सांगाल त्याच दिवशी हेही सांगा.

आता नैरोबी. सोमाली घरांत यासाठी एक शब्दच आहे, डकन एलिस. डकन म्हणजे संस्कृती, आणि एलिस म्हणजे परत आणणं. मुलगा हाताबाहेर चालला, भाषा विसरला, वाईट संगतीला लागला असं वाटलं, की त्याला केनियात किंवा सोमालियात नातेवाइकांकडे नाहीतर 'सुधारगृहात' धाडायचं. यामागची भीती खरी आहे. मिनिआपोलिस, टोरोंटो, लंडन इथल्या काही वस्त्यांत आयांनी टोळ्यांच्या भांडणात पोरं गमावली आहेत. पण अशा काही सुधारगृहांत मुलांना साखळ्यांनी बांधून, मारझोड करून ठेवल्याचंही उघड झालं आहे. पासपोर्ट काढून घेतलेला, परतीची तारीख माहीत नाही, अशा अवस्थेत राहिलेल्या मुलाला कुठलीच संस्कृती परत मिळत नाही. उलट काही मुलं आपखुशीनं गेली, आजीपाशी राहिली, भाषा घेऊन आली आणि आजही त्या दिवसांबद्दल आनंदानं बोलतात. माझ्या मते फरक एवढाच, की मुलाला विचारलं होतं का आणि परतीचं तिकीट त्याच्या हातात होतं का.

आपण वेगळे आहोत असं समजू नका. 'नीट वाग, नाहीतर पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये टाकीन' हे वाक्य मीही माझ्या मुलाला बोलले आहे. त्यानंतर त्यानं वर्षभर भारताच्या सुट्टीचं नाव काढलं नाही. ज्या देशावर त्यानं प्रेम करावं म्हणून मी धडपडत होते, तो देश मीच शिक्षा म्हणून त्याच्यासमोर ठेवला होता. ते शब्द मला अजून टोचतात. तुमच्या घरात अशी धमकी दिली जात असेल तर आजपासून बंद करा. त्या भावासाठी तुम्ही थेट काही करू शकाल असं नाही, कारण तो त्यांच्या घरातला निर्णय आहे. पण मुलाला जबरदस्तीनं नेलं जातंय किंवा त्याच्या जिवाला धोका आहे असं मैत्रीण सांगू लागली, तर ते गुपित तुमच्या लेकीनं एकटीनं सांभाळायचं नाही. तिनं तुम्हाला सांगावं आणि तुम्ही शाळेच्या समुपदेशकाशी बोलावं.

मंडळातल्या त्या बाईंना मी स्पष्ट नकार दिला असता. आपले बहुतेक लोक पदवी आणि नोकरीचं पत्र घेऊन अमेरिकेत उतरले. त्या मुलीचे आजी-आजोबा बहुधा केनियातल्या दादाबसारख्या निर्वासितांच्या छावण्यांत वर्षं काढून, हातात काहीही न घेता, मिनिआपोलिसमधल्या सीडर-रिव्हरसाइडच्या उंच इमारतींत येऊन राहिले. त्या घरांतली मुलं लहानपणापासून दवाखान्यात, सरकारी कचेरीत आईसाठी दुभाषी झाली आहेत. आईचा आजार डॉक्टरला इंग्रजीत सांगायचा आणि डॉक्टरचं उत्तर आईला सोमालीत सांगायचं, हे ओझं आपल्या मुलांवर क्वचितच पडतं. शिवाय ती मुलगी घरी सोमाली असते, शाळेत पाऊल टाकताच 'काळी' ठरते आणि विमानतळावर 'मुस्लिम'. 2017 साली सोमालियासह काही देशांच्या लोकांना अमेरिकाप्रवेशबंदी झाली, तेव्हा कित्येक घरांत आजी एका खंडात आणि नातवंडं दुसऱ्या खंडात अडकली. त्याच मिनिआपोलिसनं पुढच्याच वर्षी इल्हान ओमर यांना अमेरिकेच्या संसदेवर, म्हणजे काँग्रेसवर, निवडून पाठवलं. त्या मोगादिशूत जन्मल्या, लहानपणी चार वर्षं केनियातल्या निर्वासित छावणीत राहिल्या. डोक्यावर काही घालून सभागृहात बसू नये हा 181 वर्षांचा जुना नियम त्यांच्या हिजाबसाठी 2019 मध्ये सैल करावा लागला. त्यांचं राजकारण तुम्हाला पटो न पटो, तुमच्या लेकीच्या मैत्रिणीनं ते डोक्यावरचं वस्त्र तिथं पाहिलं आहे, हे लक्षात ठेवा.

मराठी म्हणून काय द्यावं, याचं उत्तर मला सोमाली बायकांकडूनच मिळालं. त्यांच्या भाषेला अधिकृत लिपी 1972 मध्ये मिळाली, तीही रोमन. त्याआधी बहुतेक सगळं तोंडी होतं, कविता तर खासकरून. पुढे कविता कॅसेटवर भरून देशोदेशी फिरल्या. आजही लग्नात बायका बुरानबुर म्हणतात. ही बायकांची कविता. एकीनं म्हणायची, बाकीच्यांनी ढोलकावर आणि टाळ्यांवर धरायची, आणि मधूनच कुणीतरी उठून नाचायचं. ज्या मुलींना सोमालीत दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, त्याही यात उभ्या राहतात. आपण मात्र मुलांना आधी बाराखडीच्या दारात उभं करतो आणि अक्षरं आल्याशिवाय आत घेत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला ते दार फार जड जातं. बोलणं आधी येऊ द्या, गाणं आधी येऊ द्या. आजीला रोमन अक्षरांत मराठी निरोप पाठवला तरी चालेल. देवनागरी नंतर शिकता येते, आणि कविता आवडली तर ती शिकायची हौसही येते.

आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या आहेत. त्याही बायकांच्याच, त्याही मुळात तोंडीच चालत आलेल्या. तुमच्या सासूबाईंना किंवा आईला एखादी तरी येत असेल. ती लेकीला फोनवर ऐकवायला सांगा, अर्थ नंतर विचारा.

आता लग्न. पाठवा, आणि तुम्हीही जा. बायकांचा कार्यक्रम बहुतेक वेगळा असतो. तुमच्या नेहमीच्या रेशमी साडीत तुम्ही तिथं मुळीच वेगळ्या दिसणार नाही, कारण त्यांचा दिराक हा झिरझिरीत, चमकदार झगा पाहून तुम्हालाच आपलं वस्त्र साधं वाटेल. चहाला ते शाह म्हणतात, त्यात वेलची असते. संबुस म्हणजे समोसाच. भाताबरोबर केळं वाढतील, ते भाताच्या घासाबरोबरच खायचं. शाकाहारी असाल तर आधी कळवा. घरातली म्हातारी बाई तुम्हाला एखादं जुनं हिंदी गाणं म्हणून दाखवील. मोगादिशूत हिंदी सिनेमे फार चालत. तिथल्या रस्त्यावरच्या तीनचाकीला आजही 'बजाज' म्हणतात, हे तुमच्या पुण्याच्या नातेवाइकांना सांगितलंत तर त्यांना आवडेल.

बायकांच्या कार्यक्रमात डोक्यावरची वस्त्रं निघालेली असतात, तेव्हा फोन पिशवीतच ठेवा. लेकीलाही आधी बजावून ठेवा: फोटो काढायचा नाही आणि कुठे टाकायचाही नाही. आणि कुणी तिला 'तू कुणाची?' असं विचारलं, तर सांगण्यासारखी चार-पाच नावं तोवर तिच्याजवळ असू द्या, पणजीच्या नावासकट.