साडेसतरा हजार युरोंची ‘ले माँ’ घ्यावी का?

प्रश्न : मी मूळचा पुण्याचा, वय ३९. सहा वर्षांपासून इटलीत लेक्को येथे यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करतो. पत्नी अर्धवेळ नोकरी करते, मुलगी सात वर्षांची आहे. घरखर्च महिन्याला २,३०० युरो आहे. तो, पुण्यातील फ्लॅटचा हप्ता आणि आईवडिलांना पाठवायची रक्कम वजा जाता सुमारे ६५० युरो उरतात. येथील बँकेत १४ हजार युरो आहेत आणि भारतात एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या) मुदत ठेवीत १७ हजार युरोंइतकी रक्कम आहे. त्या ठेवीला नऊ महिने झाले. जवळच मांदेल्लो देल लारियोला मोटो गुझ्झी या मोटारसायकल कंपनीचा कारखाना आहे आणि तेथील जुन्या गाड्यांच्या क्लबात मी नियमित जातो; क्लबातील निम्मे सभासद त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. १९७६ची ‘८५० ले माँ’ १७,५०० युरोंना मिळते आहे. ठेवीतून ९,५०० काढून उरलेल्या ८,००० युरोंचे कर्ज घ्यावे, असा विचार आहे. या गाड्यांची किंमत वाढतच जाते, म्हणजे ही गुंतवणूकच झाली. शिवाय परत येताना गाडी पुण्याला आणता येईल. पत्नी म्हणते, गाडी घ्या, पण कर्ज नको. क्लबातील एक ज्येष्ठ सभासद त्यांची १९७६चीच ‘८५० टी-३’ मला ६,५०० युरोंना द्यायला तयार आहेत, पण मन ले माँवर आहे. काय करावे?

उत्तर : गाडी घ्या, पण ले माँ नव्हे, आणि कर्जाच्या बाबतीत तुमच्या पत्नीचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही एका ओळीत उरकलेली टी-३ हाच मला तुमच्या परिस्थितीत योग्य सौदा वाटतो. ती स्वस्त आहे हे कारण आहेच, पण तेवढेच नाही.

प्रथम गुंतवणुकीचा मुद्दा निकालात काढू. समजा, तुम्ही १७,५०० युरोंना घेतलेली ले माँ आठ वर्षांनी २०,००० युरोंना विकली. ऐकायला अडीच हजारांचा नफा वाटतो, पण वर्षाला तो पावणेदोन टक्केही पडत नाही. आता विमा, ऑइल, टायर, तपासणी, कार्ब्युरेटरचे वॉशर आणि क्लबची वर्गणी असा साराच खर्च वर्षाला ९०० युरो धरा; घरचे काम घरी केले तरच तो एवढ्यात बसतो. आठ वर्षांचे ७,२०० झाले. म्हणजे नुसते बरोबरीत सुटायचे, तरी गाडी २४,७०० युरोंना विकली गेली पाहिजे. ती विकली जाणारच नाही असे मी म्हणत नाही, परंतु या गाड्यांवर जीव टाकणारी पिढी, जिने तरुणपणी त्या शोरूमच्या काचेतून पाहिल्या, ती आता साठी-सत्तरीत आहे. पुढच्या दहा वर्षांत तिच्या गॅरेजांतून गाड्या बाजारात येतील आणि घेणारे त्या प्रमाणात वाढतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. ज्या वस्तूपासून व्याज मिळत नाही, भाडे येत नाही आणि जी नुसती उभी ठेवली तरी पेट्रोलच्या टाकीत गंज आणि कार्ब्युरेटरमध्ये डिंक धरते, तिला आपण हौस म्हणावे. हौसेला मोल नसते हे खरे, आणि म्हणूनच ती हौसेच्या खात्यात टाकायची.

एकदा ते खाते वेगळे केले की कर्जाचा प्रश्न आपोआप सुटतो. ८,००० युरो पाच वर्षांसाठी ८ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याचा हप्ता १६२ युरोंच्या आसपास येतो आणि व्याजापोटी सुमारे १,७३० युरो जातात. म्हणजे तुमच्या महिन्याच्या शिलकीतला चौथा हिस्सा हप्त्यात जाईल, आणि ज्या महिन्यात गाडीचा क्लच उतरवावा लागेल त्या महिन्यात उरलेलाही जाईल. शिवाय खरेदीची किंमत ही खरी किंमत नसते. नाव बदलणे, नवे टायर, ब्रेकचे होज, सील, कार्ब्युरेटरची पूर्ण साफसफाई असे पहिल्या वर्षातच तीन हजार युरो सहज लागतात, तेव्हा ले माँ तुम्हाला २०,५०० युरोंना पडेल. तुमची एकूण शिल्लक ३१ हजार आहे. त्यातून हे वजा केले की निव्वळ १०,५०० राहतात, आणि परदेशात एकाच्या मुख्य पगारावर चालणाऱ्या कुटुंबाने सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे तुमच्या बाबतीत १३,८०० युरो, बाजूला ठेवलेच पाहिजेत असे माझे ठाम मत आहे.

एनआरई ठेव मोडण्याबद्दलही पुन्हा विचार करा. ही ठेव किमान एक वर्षाची असते आणि वर्ष पुरे होण्याआधी मोडली तर व्याजच मिळत नाही. म्हणजे नऊ महिन्यांचे व्याज तुम्ही केवळ घाईपायी सोडणार. जाता जाता आणखी एक सांगतो, कारण पत्रात त्याचा उल्लेख नाही. हे व्याज भारतात करमुक्त असले, तरी तुम्ही इटलीचे कर-रहिवासी आहात आणि तेथे ते करपात्र धरले जाते. परदेशातील खाती आणि ठेवी तेथील विवरणपत्रात दाखवाव्याही लागतात. आजवर दाखवल्या नसतील, तर मोटारसायकलच्या आधी तेथील कर सल्लागाराला गाठा.

आता गाड्यांकडे येतो. ले माँ आणि टी-३ या दोन्ही गाड्या एकाच घरातल्या आहेत: तेच ८४४ सीसीचे आडवे व्ही-ट्विन इंजिन, मोटो गुझ्झीचे अभियंता लिनो तोंती यांच्या आराखड्याची तीच चासी, साखळीऐवजी तोच शाफ्ट आणि पायाने दाबल्यावर मागच्या चाकाबरोबर पुढची एक डिस्कही धरणारे तेच जोडब्रेक. ले माँला ३६ मिलिमीटरचे देल्लोर्तो कार्ब्युरेटर, मोठे व्हॉल्व्ह आणि जास्त कॉम्प्रेशन आहे. टी-३ला ३० मिलिमीटरचे कार्ब्युरेटर आणि ताठ बसून दिवसभर चालवता येईल असे हँडल. किमतीतला ११ हजारांचा फरक थोडा वेगाचा आणि बराचसा नावाचा आहे. नावाला किंमत असते तेव्हा नकलाही निघतात: टी-३च्या चासीवर ले माँची टाकी, सीट आणि पुढचे छोटे फेअरिंग चढवून केलेल्या गाड्या युरोपच्या बाजारात कमी नाहीत. त्यामुळे ले माँ घेणाऱ्याला चासी आणि इंजिनाचे क्रमांक कागदांशी ताडून पाहावे लागतात, सीट मूळची आहे की नंतरची हे शोधावे लागते (मूळची सीट नवी असतानाच चिरत असे, म्हणून ती आज दुर्मीळ आहे), आणि यातले काही चुकले तर थेट हजारोंचा फटका बसतो. टी-३च्या बाबतीत ही जोखीम जवळजवळ नाही, कारण तिची नक्कल करण्याचे कोणाला कारणच नाही.

जी जोखीम आहे ती इंजिनात आहे, आणि ती दोन्ही गाड्यांना सारखीच आहे. त्या वर्षांच्या सिलिंडरांच्या बोअरला, म्हणजे आतल्या भिंतीला, क्रोमचा मुलामा असे आणि जुना झाल्यावर तो पापुद्र्यांनी सुटतो. सुटलेले कण ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोचले तर काम पूर्ण इंजिन उघडण्यावर जाते. हे पैसे देण्याआधी तपासता येते. या इंजिनाचा ऑइल फिल्टर सम्पच्या, म्हणजे तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याच्या, आत असतो, त्यामुळे तो बदलायचा तर खालचे सारे बोल्ट काढून सम्पच उतरवावा लागतो. एरवी हे काम कंटाळवाणे, पण खरेदीच्या वेळी तुमच्या फायद्याचे. मालकांना विनंती करा की ऑइल तुमच्या खर्चाने आणि तुमच्यासमोर बदलू. सम्प खाली आला की जाळी उजेडात धरून पाहा आणि तळाच्या ऑइलमध्ये बोट फिरवा. चमकदार पातळ कपचे दिसले, तर सिलिंडर बदलायचे आहेत असे समजून किंमत पुन्हा बोलायची. निकॅसिलचा मुलामा असलेले नवे सिलिंडर-पिस्टन मिळतात आणि ते एकदा बसवले की ही चिंता संपते, पण तो खर्च हजार युरोंच्या पुढे जाऊ शकतो, तेव्हा तो कोणी सोसायचा हे आधी ठरलेले बरे. सिलिंडर यापूर्वीच बदलले असतील, तर त्याची पावती त्यांच्याकडून अवश्य घ्या. मग मी ६,५०० हा आकडा घासाघीस न करता मान्य करीन.

आता माझ्या मते या निर्णयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तुम्ही लिहिता की क्लबातील निम्मे सभासद त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. तुमच्या हिशेबात ही ओळ कुठेच नाही आणि माझ्या हिशेबात ती पहिली आहे. या गाडीचा क्लच कोरडा आहे. इंजिनाच्या मागचा सील गळू लागला की ऑइल थेट क्लच प्लेटवर येते, आणि तिथपर्यंत पोचायला चासी सैल करून गिअरबॉक्स मागे ओढावा लागतो. सुटा भाग थोडक्या युरोंचा असतो, मजुरी मात्र दिवसभराची. गॅरेजचा तासाचा दर ५५ युरो आणि त्यावर २२ टक्के मूल्यवर्धित कर धरला, तर आठ तासांचे एकच काम ५३५ युरोंच्या पुढे जाते. तेच काम क्लबाच्या शेडमध्ये शनिवारी चौघांनी मिळून केले तर सील, ऑइल आणि सर्वांचे जेवण एवढ्यात भागते. वर्षाचा खर्च ९०० की १,७००, हे ठरवणारी गोष्ट ही आहे.

पण जाणकार माणसांच्या या भांडवलालाही वय आहे. ज्यांनी ती इंजिने स्वतः जोडली, ते आज पंचाहत्तरीच्या पुढे असतील. चार वर्षे पैसे साठवून ले माँ घ्यायची असे ठरवले, तर गाडी तेव्हाही मिळेल, कारण पैसे टाकले की जुन्या गाड्या मिळतात. पण तिचे टॅपेट ऐकून ‘डावीकडचा घट्ट आहे’ असे सांगणारा माणूस तेव्हा शेडमध्ये येत असेलच असे नाही. घाई करायची असेल तर ती या कारणासाठी करावी. टी-३वर तुम्ही पुढची तीन-चार वर्षे इग्निशनचे पॉइंट लावणे, दोन कार्ब्युरेटरांचा मेळ बसवणे, गिअरबॉक्स उतरवणे हे सारे शिकाल आणि उद्या ले माँ घ्यायची वेळ आलीच, तर तेच इंजिन असल्यामुळे एकही धडा वाया जाणार नाही. एवढी काळजी मात्र घ्या की ज्येष्ठांच्या मदतीकडे फुकटची मजुरी म्हणून पाहू नका. वर्षाला दोनशे-तीनशे युरो चांगल्या हत्यारांवर आणि दुसऱ्यांच्या गाड्यांना लागणाऱ्या किरकोळ गोष्टींवर खर्च करा आणि त्यांच्या कामांनाही हात लावा.

वार्षिक खर्चात इटलीचा कायदा तुमच्या बाजूने आहे. तीस वर्षांवरील गाडीला वाहनकर नाही, रस्त्यावर आणली तर वर्षाला दहा-वीस युरोंची ठोक रक्कम भरावी लागते. मोटारसायकल महासंघाच्या किंवा एएसआय या ऐतिहासिक वाहन संस्थेच्या नोंदवहीत गाडी नोंदवून प्रमाणपत्र घेतले, तर ऐतिहासिक वाहनांचा स्वस्त विमा मिळतो. तपासणी दर दोन वर्षांनी करावी लागते. विम्यात मात्र फक्त तृतीय पक्षाची जबाबदारी असते हे ध्यानात ठेवा. चोरी आणि आग यांसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागेल आणि ते घेताना गाडीची किंमत पॉलिसीत आकड्याने लिहून घ्यावी.

पुण्याला आणण्याचा बेत सध्या हिशेबाबाहेर ठेवा. पूर्वी १९५०च्या आधीच्याच गाड्या आणता येत, आता पन्नास वर्षे उलटलेल्या गाड्यांना वाट मोकळी झाली आहे हे खरे. पण सीमाशुल्क आणि कर मिळून गाडीच्या किमतीइतकी किंवा त्याहून जास्त रक्कम भरावी लागते. २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, पाटीवर ‘व्हीए’ अक्षरे येतात आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. त्यात आपल्याकडच्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमध्ये जुने रबरी होज आणि सील किती दिवस तग धरतील, हा वेगळाच प्रश्न. सुटे भाग आणि जाणकार जिथे आहेत तिथेच तिचा उपभोग घ्या आणि परतताना क्लबातच विका.

फ्लॅटच्या कर्जाची आगाऊ परतफेड करावी का, असेही काहींच्या मनात येईल. तुमची मिळकत युरोंत आणि कर्ज रुपयांत आहे. रुपया घसरतो तसा हप्ता तुम्हाला हलका होत जातो, तेव्हा त्यासाठी गाडी अडवून धरायचे कारण नाही. मुदत विमा मात्र तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही. तो नसेल तर गाडी दारात येण्याआधी घ्या आणि अर्जात दुचाकी चालवण्याबद्दल विचारले तर खरे लिहा.

व्यवहार असा करा. टी-३ची खरेदी आणि पहिल्या वर्षाची डागडुजी मिळून ८,५०० युरो धरा. आता हिवाळ्यात घाटरस्ते बंदच असतात, त्यामुळे त्या गृहस्थांना ५०० युरो इसार देऊन इंजिन आणि चासी क्रमांक, ठरलेली किंमत आणि सम्प उघडून पाहण्याची अट असा अर्ध्या पानाचा कागद दोघांच्या सहीने करा; क्लबातली ओळख आहे म्हणून तोंडी ठेवू नका, त्यांच्या मुलांनाही तो कागद उद्या उपयोगी पडेल. तीन महिन्यांत ठेवीला वर्ष पुरे होईल. तिच्यातील १३,८०० युरोंइतकी रक्कम आपत्कालीन निधी म्हणून पुन्हा ठेवा, पण या वेळी ती इटलीतील बँकेत, दोन दिवसांत काढता येईल अशी हवी. गाडीची उरलेली ६,००० युरोंची रक्कम चालू खात्यातून, नाव बदलण्याच्या दिवशीच, बँक ट्रान्सफरने द्या आणि विमा त्याच सकाळपासून सुरू होईल असा काढा, कारण घरापर्यंतचे ते पहिले दहा किलोमीटरही विम्याशिवाय चालवता येणार नाहीत.