शीट रोलमधले 'एस.ओ.एस.', 'एम.टी.' आणि '३/५'

प्रश्न असा आहे: आईचे वडील दुसऱ्या महायुद्धात फौजेत ड्रायव्हर होते. गाव भोरकडचं, पुढे कुटुंब पुण्यात आलं. ट्रंकेत त्यांच्या शीट रोलची, म्हणजे फौजेतल्या नोकरीच्या नोंदींच्या कागदाची, प्रत सापडली. तीत 'एस.ओ.एस.' बऱ्याचदा आलंय, म्हणजे आजोबा पुन्हा पुन्हा संकटात सापडत होते का? 'एम.टी.' दोन वेगळ्या जागी का आहे? कोपऱ्यात 'आय.ए.एफ.' छापलंय, तर ते हवाई दलात होते का? आणि आजोबांच्या चुलतभावाच्या कागदावर '३/५' ही एकच तारीख इतक्या वेळा कशी?

आधी एस.ओ.एस., कारण काळजी त्याचीच दिसते. काळजीचं काही नाही. बुडत्या जहाजाच्या हाकेशी त्याचा संबंध नाही. 'स्ट्रक ऑफ स्ट्रेंथ', म्हणजे तुकडीच्या पटावरून नाव कमी केलं, एवढाच अर्थ. त्याचा जोडीदार 'टी.ओ.एस.', 'टेकन ऑन स्ट्रेंथ', पटावर घेतलं. प्रशिक्षण संपून माणूस निघाला, इस्पितळात गेला, दुसऱ्या कंपनीत बदलला, नोकरीतून सुटला, नाहीतर मारला गेला, नोंद हीच. ती सुखाची की दुःखाची हे पुढचे दोन शब्द सांगतात. म्हणून प्रत्येक एस.ओ.एस.पुढे पुढचा टी.ओ.एस. शोधून तारखा लावत जा. 'डब्ल्यू.ई.एफ.' ('विथ इफेक्ट फ्रॉम', म्हणजे 'पासून लागू') पुढची तारीख धरायची, ती घटना लागू झाल्याची असते. हुकूम निघाल्याची तारीख वेगळी, आणि ती बरीच उशिराची असू शकते. घरोघरी याच दोन तारखांचा घोळ होतो आणि आजोबा एकाच दिवशी दोन देशांत दिसतात.

आता एम.टी. मला या कागदातली सगळ्यात रंगतदार जागा हीच वाटली. 'डी.व्ही.आर. एम.टी.' हे हुद्द्याच्या किंवा कामाच्या रकान्यात आहे. डी.व्ही.आर. म्हणजे ड्रायव्हर. तिथे एम.टी. म्हणजे मेकॅनिकल ट्रान्सपोर्ट, मोटारगाड्या. खेचरांचं दळणवळण वेगळं होतं, म्हणून 'मेकॅनिकल' सांगावं लागे. पुढे 'आर.आय.ए.एस.सी.' आहे, ते रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर: रसद आणि वाहतूक. 'जी.पी.टी. कॉय'मधलं कॉय म्हणजे कंपनी, आणि जी.पी.टी. म्हणजे जनरल पर्पज ट्रान्सपोर्ट, पडेल तो माल वाहणारी.

दुसरी एम.टी. मात्र 'अ‍ॅड. आय.जी.एच.' या शब्दांनंतर येते. अ‍ॅड. म्हणजे अ‍ॅडमिटेड, आय.जी.एच. म्हणजे इंडियन जनरल हॉस्पिटल. इथे कोणी मोटारीतून आणलं असं वाचू नका. हा आजार आहे: मॅलिग्नंट टर्शियन, हिवतापाचा जिवावरचा प्रकार, आज डॉक्टर ज्याला फाल्सिपॅरम म्हणतात तो. त्याचा सौम्य भाऊ 'बी.टी.', बिनाइन टर्शियन, म्हणजे व्हायवॅक्स. टर्शियन म्हणजे एक दिवसाआड उलटणारा ताप. (जुन्या पुण्यात नावापुढे बी.टी. लावणारे मास्तर असत. त्यांच्या पाटीवरची बी.टी. शिक्षकाची पदवी होती.) तेव्हा तुमचे आजोबा एम.टी. चालवत होते आणि एम.टी.नेच इस्पितळात गेले. दोन्ही विधानं खरी आहेत. त्याच रकान्यात 'पी.यू.ओ.' किंवा 'एन.वाय.डी.' दिसलं, तर पहिलं म्हणजे कारण न कळलेला ताप आणि दुसरं म्हणजे निदान अजून व्हायचंय. 'जी.एस.डब्ल्यू.' असतं तर गोष्ट वेगळी होती, ती बंदुकीच्या गोळीची जखम. तुमच्या प्रतीत ते नाही.

यात बिचकण्यासारखं काही नाही. आपण 'ता. भोर' आणि 'ता. ५ मे' एकाच पत्रात लिहितो आणि कोणी तालुक्याला तारीख समजत नाही. लष्करी कारकून तेच करत होता. फक्त त्याच्या रकान्याचं शीर्षक वर छापलेलं असे, आणि झेरॉक्स काढताना नेमकं तेच कापलं जातं. तुमच्या प्रतीत दुसऱ्या पानाचं शीर्षक नाहीच. मूळ कागद हाताशी असेल तर वरच्या कडेपासून पुन्हा फोटो घ्या.

'डी.ओ.' तुम्ही विचारलेलं नाही, पण समासात अर्थ लिहिलाय 'अर्धशासकीय पत्र'. सरकारी नोकरी केलेलं कोणीतरी घरात असणार! कचेरीत डी.ओ. म्हणजे तेच, पण इथे पुढे 'पी.टी. टू' आहे. डेली ऑर्डर, भाग दोन. बदली, रजा, बढती, इस्पितळ अशा माणसामागच्या नोंदी या भागात निघत आणि त्याचा क्रमांक शीट रोलवर आधार म्हणून लिहीत. छोट्या लिपीतलं, खाली ओळीने येणारं 'डी.ओ.' मात्र डिट्टो, म्हणजे वरीलप्रमाणे.

आय.ए.एफ.चा निकाल झटपट लागतो. त्याच्यापुढे आणखी एक अक्षर आणि आकडा छापलेला आहे. तो फॉर्मचा नंबर: इंडियन आर्मी फॉर्म. आजोबा जमिनीवरच होते.

एक जागा तुमच्या नजरेतून सुटली आहे. पत्त्यात 'भोर एस.टी.' आहे. स्टेशन असेल म्हणाल, तर भोरला आजही रेल्वे नाही. ते स्टेट, म्हणजे संस्थान. भोर मुंबई प्रांतात विलीन झालं १९४८ साली, त्यामुळे १९४१ मध्ये भरती झालेल्या माणसाचा जिल्हा पुणे लिहिलेला नसणं बरोबरच आहे. तीच दोन अक्षरं शेवटच्या पानावर पदकांच्या ओळीत आहेत: 'इटली एस.टी.', म्हणजे इटली स्टार. त्याच ओळीतलं 'डी.एम.' हे डिफेन्स मेडल, जिल्हाधिकारी नव्हे. इटली स्टारशी जुळणारी नोंद म्हणजे १९४४ मधलं 'सी.एम.एफ.', सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स, म्हणजे इटलीची मोहीम. त्याआधीचं 'पायफोर्स' हे पर्शिया अँड इराक फोर्स, म्हणून बसऱ्याला उतरल्याची नोंद. घरात पदक असेल तर फीत बघा: लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. इटलीच्या झेंड्याचे रंग.

'ए/यू/एल/एन.के.' म्हणजे अ‍ॅक्टिंग अनपेड लान्स नाईक. बाहीवर फीत, जबाबदारी, आणि पगार मात्र शिपायाचा. पुण्यातल्या संस्थांच्या मानद कार्यवाहांना हे पद समजावून सांगायला नको.

राहिला चुलत आजोबांचा '३/५'. ती तारीख नाही. वरचा आकडा पलटणीचा, खालचा रेजिमेंटचा: पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. '१०/५' सुद्धा दहा मे नाही, ती बेळगावची प्रशिक्षण बटालियन. ही पद्धत १९२२ च्या फेररचनेतली. त्याआधी मराठा पलटणींना तीन आकडी नंबर होते. ११० वी मराठा तीच पुढे ३/५ झाली, १०५ वी २/५ झाली आणि ११४ वी १०/५. पहिल्या महायुद्धातले पणजोबा '११४ मराठा' आणि त्यांचा मुलगा '१०/५', असं ज्यांच्या घरी असेल त्यांनी दोन वेगळ्या पलटणी समजू नयेत.

तेव्हा '१०/५' वरून एस.ओ.एस. आणि मग '३/५' वर टी.ओ.एस. याचा अर्थ चुलत आजोबा शिक्षण संपवून लढत्या पलटणीत गेले. १९४४ च्या उन्हाळ्यात ३/५ इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात होती. नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो १० जुलै १९४४ च्या तिथल्याच लढाईसाठी, आणि ते याच पलटणीचे. चुलत आजोबांच्या टी.ओ.एस.ची तारीख १० जुलैच्या आधीची की नंतरची, हे पहिल्यांदा बघा. पुढची चौकशी बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयात करायची. अर्जात सैनिक क्रमांक हवाच, आणि पलटण लिहिताना '३/५' असंच लिहा, उलगडून 'तीन मे' नको.