बोरू, एक रेघ आणि तुझं न थांबणारं डोकं

प्रिय पोरी,

रविवारी रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला, "काका सुट्टी होती तरी डोकं बंद होत नाहीये". तेव्हाच उत्तर देणार होतो, पण म्हटलं आत्ता उपदेश सुरू केला तर हिचा फोन अजून अर्धा तास चालू राहील, म्हणून आज सकाळी चहा घेत निवांत लिहितोय.

तुला कधी सांगितलं नाही, बँकेतून रिटायर झाल्यावर माझंही असंच झालं होतं. ३३ वर्षं आकडेमोड आणि मग एकदम काहीच नाही, तरी पहाटे चारला जाग यायची आणि मी मनातल्या मनात कॅश टॅली करत पडायचो. बायको वैतागली, तिनेच पेपरातली मोडीच्या क्लासची जाहिरात दाखवली, आणि मी गेलो ते खरं सांगायचं तर घरात शांतता राहावी म्हणून.

मोडी म्हणजे आपली जुनी दफ्तराची लिपी, पेशवे दफ्तरात असे कागद रुमालांत बांधून ठेवलेत. पण मला त्या इतिहासाने नाही, रेघेने पकडलं. देवनागरीत आपण अक्षर काढतो मग वर रेघ मारतो, मोडीत उलटं, आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची, हात शक्यतो न उचलता. ती रेघ घाईत ओढली की थरथरते, लक्ष दुसरीकडे गेलं की तिरकी जाते, लपवता येतच नाही. बरं बोरू, म्हणजे तासून टोक केलेली काडीची लेखणी, शाईत बुडवला की थोडीच अक्षरं होतात, परत बुडवायचा, म्हणजे थांबावंच लागतं. पहिल्या महिन्यात कधीतरी लक्षात आलं की पाऊण तास झाला आणि कॅश टॅली आठवलीच नाही. (आणि मोडीत वेलांटी एकच, उकार एकच, ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही, शाळेत शुद्धलेखनासाठी छड्या खाल्लेल्या माझ्यासारख्याला याहून काय हवं!)

आता माझी चूक ऐक. जरा हात बसल्यावर मी एक फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, लगेच कोणीतरी म्हणालं नेमप्लेट करून द्या ना, मग दुसरं, मग तिसरं, सहा महिन्यांत माझ्याकडे ऑर्डरींची वही झाली आणि पहाटे चारची जाग परत आली, फक्त कॅशच्या जागी नेमप्लेट. सगळं बंद केलं, दोन नातेवाईक अजून नीट बोलत नाहीत, चालतंय.

म्हणून तुला एवढंच सांगेन की जे करशील ते कोणाला दाखवू नकोस, निदान वर्षभर तरी. तुझ्या ऑफिसात तसंही सगळ्याचं रेटिंग होतं, इथे तरी नको. मोडी २०१४ साली युनिकोडमध्ये आली, फॉन्ट मिळतात, ॲप पण असतील, पण तू टाइप करत बसू नकोस, हाताने लिही. मोडीच हवी असंही काही नाही, तू लहानपणी आजीजवळ बसून क्रोशाची वीण घालायचीस ती परत काढलीस तरी चालेल. २० मिनिटं पुरेत. पीजीत रूममेट असताना एकांत कुठला म्हणशील, तर सकाळी त्या उठायच्या आधी, आणि फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. झाल्यावर लगेच उठू नकोस. मी बोरू धुतो, फडक्याने पुसतो, खिडकीत ठेवतो आणि पाच मिनिटं नुसता बसतो, कधीकधी तीच पाच मिनिटं जास्त कामाची असतात.

एक मात्र गंभीरपणे. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल तर ते छंदाने बरं होण्यातलं नाही, सरळ डॉक्टरकडे जा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं. आईला सांगायचं नसेल तर मला सांग, मी काही विचारत बसणार नाही.

कुरियरने दोन बोरू आणि शाईची बाटली पाठवतोय. एका बोरूला मी तिरका कट मारून दिलाय, दुसऱ्याला तूच मार, चाकू धारदार घे आणि अंगठा सांभाळ.

तुझा काका