वाचकांचे प्रश्न: डाइव्ह कॉम्प्युटरचा सेल आणि ओ-रिंग

प्रश्न: माझ्या डाइव्ह कॉम्प्युटरवर (पाणबुड्याची खोली, वेळ आणि शरीरात साठणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब ठेवणारं यंत्र) बॅटरीची खूण लुकलुकते आहे. मागचं झाकण नाण्याने फिरतं. सेल आणि ओ-रिंग (झाकणाखाली पाणी अडवणारी रबरी कडी) घरी बदलली तर पाणी शिरेल का?

उत्तर: झाकण नाण्याने उघडतं, म्हणजे ते वापरणाऱ्यानेच उघडावं अशी सोय आहे. बदला. आत तेल भरलेल्या यंत्रांना मात्र हात लावू नका. सेल बदलल्यावर पाणी शिरतं ते बहुधा रिंगच्या खाचेत राहिलेल्या केसामुळे, मिठाच्या कणामुळे किंवा पिळलेल्या रिंगमुळे.

शेवटच्या डाइव्हनंतर 24 तास थांबा. लागोपाठ काही दिवस डाइव्ह केले असतील तर 48. अनेक मॉडेलांत सेल काढताच शरीरातल्या नायट्रोजनचा हिशेब पुसला जातो आणि यंत्र तुम्हाला डाइव्ह न केलेला माणूस समजतं. डाइव्हच्या नोंदीही आधी उतरवून घ्या.

यंत्र तासभर गोड्या पाण्यात ठेवा, म्हणजे झाकणाच्या कडेचं मीठ विरघळेल. मग रात्रभर पूर्ण सुकू द्या. उघडताना झाकणाची बाजू खाली धरा, उरलासुरला थेंब आत जात नाही. जुनी रिंग लाकडी दातकोरण्याने उचला. सुई किंवा स्क्रूड्रायव्हर नको: खाचेत पडलेला ओरखडा नवी रिंगही बुजवू शकत नाही. जुनी रिंग कितीही चांगली दिसो, पुन्हा बसवू नका. दाबून दाबून ती चपटी झालेली असते. खाच तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसा. कापसाचा बोळा इथे शत्रूच.

नवी रिंग बोटांत ग्रीस घेऊन फिरवा, नुसती चमक आली की पुरे. पाणी रबर अडवतं. ग्रीसचं काम रिंग न पिळता सरकू देण्याचं. थर जाड दिलात तर कचरा चिकटेल. सेल कडेने धरा, धातूचा चिमटा दोन्ही बाजूंना टेकला तर शॉर्ट होतो. अधिक खूण कुठे हे जुना सेल काढतानाच पाहून ठेवा. झाकण सरळ दाबून खुणेपर्यंतच फिरवा. रिंग कडेला डोकावली तर उघडून पुन्हा बसवा, जोर लावू नका.

सुरू केल्यावर वेळ, तारीख आणि गॅस तपासा. नायट्रॉक्स (ऑक्सिजन वाढवलेली हवा) वापरत असाल तर ऑक्सिजनचं प्रमाण 21 टक्क्यांवर, म्हणजे साध्या हवेवर, परत आलेलं असू शकतं.

प्रश्न: सीआर 2450 हा नाण्यासारखा सेल मिळाला नाही. सीआर 2430 किंवा एलआयआर 2450 चालेल?

उत्तर: दोन्ही नाही. शेवटचे दोन आकडे जाडी सांगतात: 2450 हा 5 मिलिमीटर, 2430 फक्त 3. कागद कोंबून ती फट भरली तर धक्क्याने संपर्क तुटतो, आणि तो नेमका पाण्याखालीच तुटेल. एलआयआर रिचार्जेबल असतो. पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट देतो, तर यंत्र 3 व्होल्टसाठी बनलेलं असतं. जुना सेल मीटरवर 2.9 दाखवतो म्हणून पुन्हा घालणारेही असतात. भार नसताना तो आकडा फसवा; बॅकलाइट लावताच व्होल्टेज कोसळतं, थंड पाण्यात अधिकच.

प्रश्न: सिलिकोन ग्रीसऐवजी व्हॅसलीन?

उत्तर: नको. ईपीडीएम रबर त्याने फुगतं. नायट्राइल आणि ईपीडीएम या दोन्ही रबरांना सिलिकोन ग्रीस चालतं. रिंगच सिलिकोन रबराची असेल तर तेच ग्रीस तिला फुगवतं, तेव्हा रिंग कशाची आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा.

प्रश्न: गळती आहे का, हे डाइव्हआधी कसं कळेल?

उत्तर: साध्या पाण्यात बुडवून हलवा. झाकणाच्या फटीतले सुटे बुडबुडे निघून जातील. एकाच जागेवरून बुडबुड्यांची माळ सुटत राहिली तर लगेच बाहेर काढा. पण बुडबुडे दिसले नाहीत म्हणजे यंत्र पास, असं नाही. खोलीवर दाब रिंगला खाचेत घट्ट बसवतो, म्हणून काही गळत्या उथळ पाण्यातच दिसतात, तर काही खोल गेल्यावरच. पहिला डाइव्ह उथळ ठेवा आणि वेळ-खोलीसाठी दुसरं साधन सोबत घ्या. काचेच्या आत धुकं दिसलं तर सेल ताबडतोब काढा. समुद्राचं पाणी गेलं असेल तर सेलचा कप्पा डिस्टिल्ड वॉटरने हलकेच धुऊन सुकवा. कप्प्यापलीकडे, सर्किटपर्यंत ओल पोचली असेल तर यंत्र सर्व्हिस सेंटरला द्या.