कोल्हापुरात राहून समुद्राचं करिअर? होतंय की, पण हिशेब शिकावा लागंल

नमस्कार दादा,

पत्र वाचलं. लेक बीएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सरकार आणि खाजगी संस्था मिळून समुद्री अभयारण्यं सांभाळतात तसल्या कामात तिला जायचंय, आणि तुम्ही विचारताय की या कामाला पगार देतं कोण?

अहो, त्या क्षेत्रातला मेन प्रश्नच हा आहे. आपल्याकडं नदी सरकारची, पण पाणीपुरवठा संस्था परवाना घेऊन पाणी उचलते, पट्टी गोळा करते, मोटर जळाली तर तीच बघते, तसंच हे. पूर्व आफ्रिकेत टांझानियाच्या झांझिबारजवळ चुंबे बेट आहे, तिथलं प्रवाळ 1994 साली संरक्षित जाहीर झालं आणि सांभाळायला एका खाजगी कंपनीकडं दिलं, मुक्कामाला येणाऱ्या पर्यटकांच्या पैशातून सगळा खर्च निघतो, रेंजर पण पूर्वीचे तिथलेच मच्छीमार. मॉडेल भारी आहे, फक्त कोरोनात पर्यटक थांबले की उत्पन्नच थांबलं, हे पण लेकीला सांगा.

आपल्याकडं अभयारण्याचा कंट्रोल वनखात्याकडंच असतो, कंपनीचा पैसा बहुतेक सीएसआरमधनं, म्हणजे कंपन्या समाजकामासाठी बाजूला काढतात त्या निधीतनं येतो. गुजरातमधे 2004 पासून व्हेल शार्क वाचवायचं काम वनखातं, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स मिळून करतायत, शार्क जाळ्यात अडकला की मच्छीमार जाळं कापून त्याला सोडतो आणि जाळ्याची भरपाई मिळते. आता शार्क खरंच सोडला याचा पुरावा तपासणार कोण, पैसे वेळेत पोचवणार कोण, कंपनीला रिपोर्ट लिहून देणार कोण? नोकऱ्या तिथं आहेत दादा. पोरांना वाटतं स्कुबाचा ड्रेस घालून फिरायचं, तसं काय नसतंय, निम्मा वेळ एक्सेल आणि मीटिंगमधे जातो.

म्हणून डिग्री पूर्ण करू द्या, पण सोबत टॅली, प्रोजेक्ट बजेट, रिपोर्ट लिहिणं हे शिकू द्या. पुढं दोन वाटा, सायन्सच आवडत असेल तर डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटचं एमएस्सी, माणसं आणि पैसा सांभाळणं जमत असेल तर गुजरातमधल्या आणंदचं इर्मा, म्हणजे ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी संस्था, तिथं कुठलीही पदवी चालते. पत्रावरनं मला ती दुसऱ्या वाटेची वाटली. राज्याच्या मँग्रोव्ह फाउंडेशनच्या, म्हणजे खारफुटी आणि समुद्री जीव जपणाऱ्या संस्थेच्या, नोकरीच्या जाहिरातींवर पण लक्ष ठेवा. यातल्या बऱ्याच पोस्ट कॉन्ट्रॅक्टच्या असतात, प्रोजेक्ट संपला की पगार संपला, तेव्हा सुरुवातीची काही वर्षं घरचा आधार लागणार हे आत्ताच धरून चाला.

आणि सुट्टीत तिला मालवणला पाठवा, गगनबावड्याचा घाट उतरलं की कोकणच. तिथं 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं, आणि मासेमारीवर बंधनं येणार म्हणून मच्छीमारांचा विरोध झाला. किल्ला बघून परत येऊ नको म्हणावं, संध्याकाळी मासळीच्या लिलावात थांबून चार बायकांशी बोल, अभयारण्याबद्दल त्यांना काय वाटतं ते विचार आणि दोन पानं लिहून मला पाठव. ती पानं वाचून फोनवर बोलू.