निगेटिव्ह कंट्रोलमध्येही पेशी मरतायत, तर तो आलेखातून काढू का?

नका काढू. तुम्ही लिहिलंय की एसआयआरएनएने (ठरावीक जीन बंद पाडणाऱ्या आरएनएच्या छोट्या दुहेरी तुकड्याने) जीन सायलेन्स केल्यावर पेशी मरतात, पण निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे कुठल्याच जीनला लक्ष्य न करणाऱ्या एसआयआरएनएच्या वेलमध्येही (प्लेटच्या खळग्यातही) जवळपास तेवढ्याच मरतात, आणि तुमचे मार्गदर्शक म्हणतात फक्त अनट्रीटेड, म्हणजे काहीच न दिलेल्या पेशींशी तुलना दाखवा. तसं केलंत तर आरएनए पेशीत नेणाऱ्या लिपिडचा आणि खुद्द आरएनएचा त्रास जीनच्या नावावर जाईल.

ट्रान्सफेक्शनच्या, म्हणजे एसआयआरएनए पेशीत घालण्याच्या, पायऱ्या सांगत बसत नाही. आधी हे बघा, कंट्रोल आणि जीनचा एसआयआरएनए एकाच कंपनीचे, एकाच केमिस्ट्रीचे आहेत का?

आमचं घोडं इथेच अडलं होतं. इंडेंटमध्ये (खरेदीच्या मागणीपत्रात) दोन्ही एकाच कंपनीचे मागितले होते. खरेदी विभागाने कंट्रोलची ओळ वेगळी काढली, निराळी कोटेशन्स मागवली आणि सर्वांत कमी दराचा माल उचलला. ‘कुठल्याच जीनवर काम करत नाही ना, मग कोणाचाही चालेल,’ हे त्यांचं उत्तर. जीनचा एसआयआरएनए केमिकली मॉडिफाइड, कंट्रोल साधा. साध्या दुहेरी धाग्याच्या आरएनएला काही पेशी विषाणू समजतात आणि इंटरफेरॉनची विषाणूविरोधी यंत्रणा जागी होते. आमच्या कंट्रोल वेलमध्येच क्यूपीसीआरवर (जीन किती चालू आहे हे मोजणाऱ्या चाचणीत) आयएफआयटी-१ हा इंटरफेरॉनने वाढणारा जीन चढलेला दिसला. रिव्ह्यूअरने नेमकं तिथेच बोट ठेवलं आणि सगळे प्रयोग पुन्हा करावे लागले. त्यात एका पीएचडीच्या मुलीची फेलोशिप संपली. फाइलवर सही करणाऱ्यांना काडीची झळ लागली नाही, याचा मला आजही संताप येतो.

म्हणून इंडेंटमध्ये दोन्ही ‘एक सेट’ म्हणून एकाच ओळीत लिहा आणि प्रोप्रायटरी आर्टिकल सर्टिफिकेट (माल याच कंपनीचा लागतो असं प्रमाणपत्र) जोडा.

तुमच्या पेशींबद्दल म्हणाल तर फक्त लिपिडची एक वेल लावा. तिथेही मरत असतील तर दोष एसआयआरएनएचा नाही. एसआयआरएनए ५० नॅनोमोलर वापरत असाल तर १० किंवा ५ वर उतरून बघा, कंट्रोलही तेवढाच. एकाच जीनच्या चार एसआयआरएनएचा पूल (मिश्रण) असेल तर कंट्रोल पूलच्या एकूण मात्रेइतका हवा, हे बरेच जण विसरतात. एसआयआरएनएच्या गाइड स्ट्रँडच्या (लक्ष्य शोधणाऱ्या धाग्याच्या) २ ते ८ क्रमांकाच्या बेसेसमुळे कंट्रोलही नको त्या जीनच्या एमआरएनएला (संदेशवाहक आरएनएला) चिकटू शकतो, त्यामुळे माझ्या मते दोन वेगळे कंट्रोल ठेवावेत. जीनसाठीही किमान दोन वेगळ्या सिक्वेन्स, आणि जमलं तर रेस्क्यू, म्हणजे एसआयआरएनएला न जुमानणारी जीनची प्रत परत घालून पेशी वाचतात का ते बघणं.

जाता जाता: पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून, म्हणजे सायलेन्सिंग जमतंय हे दाखवायला, जीएपीडीएच हा जीन सायलेन्स करत असाल तर नॉर्मलायझेशनला (क्यूपीसीआरच्या मोजमापाचा आधार म्हणून) तोच जीन घेऊ नका.

माझा अनुभव हेला, ए५४९ अशा चिकटून वाढणाऱ्या सेल लाइन्सचा आहे. प्रायमरी (थेट ऊतीतून काढलेल्या) पेशींना हे आकडे जसेच्या तसे लावू नका. पेशी कोणत्या, लिपिड कोणतं आणि प्रत्येक वेलला किती, हे लिहा, मग पुढचं नेमकं सांगता येईल.