आधी लॅप एकसारखा, मग हातात पाना
वाचकांचे प्रश्न : ट्रॅक रायडिंग आणि बाइकची मांडणी

प्रश्न : माझे वय 29, वजन 84 किलो असून माझ्याकडे टीव्हीएस अपाचे आरआर 310 आहे. चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर आतापर्यंत दोन ट्रॅक डे (स्वतःची बाइक सर्किटवर चालवण्याचे दिवस) केले. वळणातून बाहेर पडताना बाइक बाहेरच्या कडेकडे ओढली जाते. (एकाच सत्रातील माझा सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ लॅप (सर्किटची एक फेरी) यांत सहा सेकंदांचा फरक असतो.) मित्र म्हणतात, मागचा शॉक (शॉक अॅब्सॉर्बर) बदल. वळणात झुकल्यावर माझा गुडघाही अजून एकदाही ट्रॅकला टेकलेला नाही. आधी कशावर खर्च करावा? — एक वाचक, चिंचवड

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात लिहिली आहे. सहा सेकंदांचा फरक याचा अर्थ, सुमारे 3.7 किलोमीटरच्या त्या सर्किटवर तुम्ही दर फेरीला वेगळ्या जागी ब्रेक लावता, वेगळ्या जागी बाइक वळवता आणि थ्रॉटलही वेगळ्या जागी उघडता. अशा अवस्थेत नवा शॉक बसवला आणि लॅप दोन सेकंदांनी सुधारला, तर त्याचे श्रेय शॉकला द्यायचे, की त्या फेरीत योगायोगाने योग्य जागी लागलेल्या ब्रेकला, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून शॉकचे पैसे तूर्त बाजूला ठेवा.

बाइक बाहेर जाण्याचे कारण नवख्या रायडरच्या बाबतीत बहुधा एकच असते, ते म्हणजे वळणात लवकर शिरणे. वेगाची धास्ती वाटली की नजर आतल्या कडेकडे जाते आणि नजरेमागोमाग हात जातात. बाइक आतल्या कडेला वेळेआधीच पोहोचते, पण वळण अजून बरेच शिल्लक असते आणि उरलेल्या वळणासाठी ट्रॅकची रुंदी पुरत नाही. तुम्हाला ही चूक बाहेर पडताना जाणवते, प्रत्यक्षात ती शंभर फूट आधी झालेली असते. उपाय सांगायला सोपा आहे, पण अंगवळणी पडायला दोन-तीन ट्रॅक डे लागतात. आज जिथे वळता तिथून दोन-तीन मीटर पुढे जाऊन वळायचे आणि वळण्याच्या क्षणी नजर एपेक्सवर, म्हणजे लाइन (वळणातून बाइकने घेतलेला मार्ग) जिथे आतल्या कडेला सर्वांत जवळून जाते त्या बिंदूवर ठेवायची. एपेक्स गाठण्याआधीच नजर तिथून उचलून बाहेर पडण्याच्या जागेवर न्यायची.

खुणा मात्र न हलणाऱ्या निवडा. उभी मोटार, मार्शलची खुर्ची किंवा झाडाची सावली ही खूण नव्हे. दुपारनंतर सावली सरकते आणि तिच्याबरोबर तुमचा ब्रेकही सरकतो. डांबराचा जोड, कडेच्या रंगीत पट्ट्यांची सुरुवात, अंतर दाखवणारा फलक, अशा गोष्टी घ्या. आयोजकांची परवानगी असेल तर आदल्या संध्याकाळी ट्रॅकवरून एक फेरी पायी मारा. चालताना वळणांचे उतार, डांबराची ठिगळे, कडेचे उंचवटे असे काही दिसते, जे शंभरच्या वेगात कधीच दिसत नाही.

लाइनचा आणि झुकण्याचा संबंध आकड्यांत पाहिलात तर तुमचा गुडघ्याचा प्रश्नही सुटेल. 50 मीटर त्रिज्येच्या वळणातून ताशी 80 किलोमीटर वेगाने जायचे, तर साधारण 45 अंश झुकावे लागते. तेच वळण रुंद लाइन घेऊन 60 मीटर त्रिज्येचे केले, तर त्याच वेगाला 40 अंश पुरतात. पाच अंशांची ही पकड कोणत्याही सुट्या भागाशिवाय केवळ लाइनमधून मिळते. गुडघा टेकणे हे उद्दिष्ट ठरवणारे रायडर नेमके याच्या उलट करतात, म्हणजे लाइन अरुंद ठेवून बाइक जास्त झुकवतात आणि वेग मात्र तितकाच राहतो. शरीर आतल्या बाजूला नेण्याचे खरे कारण वेगळे आहे. रायडरचे वजन आत गेले की त्याच वेगाला बाइकला स्वतःला थोडे कमी झुकावे लागते. म्हणून वळणाच्या आधी, बाइक सरळ असताना, सीटवरून अर्धे बूड बाहेर काढा, बाहेरची मांडी टाकीला घट्ट टेकवा आणि हात सैल ठेवा. हँडलला लटकलात तर पुढचे चाक त्याचे काम करू शकत नाही. हे जमले की गुडघ्याचा स्लायडर, म्हणजे सूटच्या गुडघ्यावरची टणक चकती, ट्रॅकला आपोआप घासेल. तो आवाज पहिल्यांदा ऐकण्याचा आनंद मला आजही आठवतो आणि तो तुम्हालाही मिळावा असे मनापासून वाटते, पण त्याच्या मागे धावू नका.

आता तुमच्या मित्रांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगतो. लॅप एकसारखे झाल्यावरही बाइक बाहेर जात असेल, तर ती नेमकी केव्हा जाते ते पाहा. थ्रॉटल बंद असतानाही ती आत वळायला नकार देत असेल, तर कारण पुढच्या बाजूला शोधावे लागेल. थ्रॉटल उघडताक्षणी जात असेल, तर मागचा शॉक दबून वजन मागे सरकते आणि पुढचे चाक हलके होते. तुमचे 84 किलो आणि त्यावर लेदर सूट, बूट, हेल्मेट यांचे वजन धरता हे अगदी शक्य आहे. त्यासाठी पहिले पाऊल म्हणजे मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीपासून किती दाबून ठेवली आहे ते, एक पायरी वाढवणे, आणि ते फुकट आहे.

खर्च करायचाच असेल तर माझा क्रम असा राहील. सर्वांत आधी अंगावरचे साहित्य, म्हणजे एकसंध लेदर सूट, पाठीचा संरक्षक, मनगट झाकणारे हातमोजे आणि दुहेरी कडीच्या पट्ट्याचे हेल्मेट. त्यानंतर शिकवणी आणि ताजे टायर. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. 2324 असेल तर तो टायर 2024 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शाबूत दिसणारा जुना टायर स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका, कारण रबर पडून राहूनही कडक होते. शेवटी ब्रेकचे तेल. डॉट 4 तेलाचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो, हवेतील ओलावा शोषल्यावर तो 155 पर्यंत घसरू शकतो. रस्त्यावर हे कधी जाणवत नाही. ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या फेरीत लिव्हर थेट ग्रिपला येऊन टेकते, आणि तेही सर्वांत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी.

प्रश्न : टायरमध्ये हवा किती ठेवावी? आमच्या गॅरेजमधले 24 म्हणतात, ट्रॅकवर भेटलेले एक जण 32 म्हणाले. शिवाय सॅग मोजणे म्हणजे नेमके काय? ते घरी करता येते का? — एक वाचक, नाशिक

ते दोघेही एकाच वेळी बरोबर असू शकतात, कारण एक जण थंड टायरचा आकडा सांगत असेल आणि दुसरा गरम टायरचा. सकाळी टायर 35 अंशांवर असताना 27 पीएसआय हवा भरली आणि ट्रॅकवर आतली हवा 75 अंशांपर्यंत तापली, तर दाब 32 च्या पुढे जातो. टायर तोच, हवा तितकीच, पण आकडा पाचाहून अधिक वाढलेला. म्हणून दाबाचा आकडा ऐकताना “थंड की गरम?” हा प्रश्न आधी विचारा. त्या टायरच्या कंपनीने ट्रॅकसाठी सांगितलेला गरम दाब शोधा, सत्र संपवून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या बाइक थांबवण्याच्या जागेत, येताच दोन मिनिटांच्या आत मोजा आणि त्याप्रमाणे हवा कमी-जास्त करा. मोजणी दर वेळी स्वतःच्या एकाच गेजने करा. गेज एखाद्या पीएसआयने चुकीचा असला तरी चालेल, तो दर वेळी तितकाच चुकीचा असला म्हणजे झाले. घरी परतण्याआधी हवा पुन्हा भरायला विसरू नका, कारण गरम असताना कमी केलेली हवा थंड झाल्यावर आणखी उतरते आणि पुढे महामार्ग असतो.

दाब कितीही अचूक असला तरी पहिल्या दोन फेऱ्या टायर थंडच असतात. माझ्या तिसऱ्या ट्रॅक डेला जेवणानंतरच्या सत्रात, पहिल्याच फेरीत मी डाव्या वळणावर पडलो. सकाळभर त्या वळणाने मला काही केले नव्हते. त्या सर्किटवर उजवी वळणे जास्त, त्यामुळे टायरची डावी बाजू तापायला वेळ लागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. खांद्याचे हाड जुळायला सहा आठवडे लागले. चूक संपूर्ण माझी होती, आणि ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून इथे लिहितो आहे.

सॅग म्हणजे तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती दबते, याचे मोजमाप. ते घरी करता येते, मात्र मदतीला दोन माणसे लागतात. बाइक उचलून मागचे चाक अधांतरी करा आणि चाकाच्या आसापासून सरळ वर शेपटीवरील एका खुणेपर्यंतचे अंतर टेपने मोजा. मग चाक जमिनीवर टेकवून, पूर्ण साहित्य घालून, ट्रॅकवर जसे बसता तसे बसा. एकाने हँडल धरावे, दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन मापांतील फरक हा तुमचा सॅग. दुसरे माप दोनदा घ्यावे, एकदा सीट खाली दाबून हळूच सोडल्यावर आणि एकदा वर उचलून हळूच सोडल्यावर, कारण सीलच्या घर्षणामुळे ती दोन मापे जुळत नाहीत. त्यांची सरासरी धरावी. पुढच्या फोर्कवरही हेच करायचे. ट्रॅकसाठी पुढे 30 ते 35 मिलिमीटर आणि मागे 30 च्या आसपास, ही चांगली सुरुवात आहे.

एक गैरसमज मात्र मनातून काढून टाका. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. बाइक फक्त थोडी वर उभी राहते. प्रीलोड पूर्ण फिरवूनही सॅग जुळत नसेल, तर स्प्रिंगच तुमच्या वजनाची नाही आणि ती बदलावी लागेल. पुढच्या फोर्कला काहीच फिरवण्याची सोय नसेल, तर फोर्कच्या नळीवर एक बारीक प्लॅस्टिकचा टाय सैलसर बांधा. सत्रानंतर तो जिथे सरकून थांबलेला दिसेल, तिथपर्यंत फोर्क दबला होता. टाय दर वेळी अगदी तळाशी जाऊन टेकत असेल, तर स्प्रिंग किंवा तेलाची पातळी यांविषयी मेकॅनिकशी बोलावे. अर्ध्यावरच थांबत असेल, तर बहुतेक वेळा फोर्कमध्ये दोष नसतो. तुम्ही अजून पुरेसा ब्रेक लावत नाही एवढेच.

एका सत्रात एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. तारीख, वेळ, हवेचे तापमान, दाब थंड आणि गरम, प्रीलोडची पायरी, आणि बाइक कशी वाटली याचे एक वाक्य. पाच गोष्टी एकदम बदलणारा रायडर संध्याकाळी बाइक मूळ स्थितीतही आणू शकत नाही, असे मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

प्रश्न : ट्रॅकसाठी कोइम्बतूर किंवा चेन्नई इतक्या लांब दर महिन्याला जाणे शक्य नाही. पहाटे रहदारी नसताना घाटात सराव केला तर? — एक वाचक, चिपळूण

नाही. घाटात समोरून एसटी येते, वळणावर खडी असते, कठड्यापलीकडे दरी असते आणि पडल्यावर दोन मिनिटांत पोहोचणारी रुग्णवाहिका नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रस्ता तुमच्या एकट्याचा नाही. शिवाय घाटात लाइन शिकताही येत नाही, कारण ट्रॅकची पूर्ण रुंदी वापरायची सवय तिथे पलीकडच्या मार्गिकेत नेते.

जवळपास शिकण्यासारखे पुष्कळ आहे. परवानगी घेऊन एखाद्या बंद मैदानात लहान बाइकवर आठाचा आकडा आणि सरळ रेषेतले ब्रेकिंग करा. कार्टिंगच्या ट्रॅकवर छोट्या बाइकना परवानगी मिळत असेल तर तो उत्तम सराव आहे, कारण वेग कमी असला तरी वळणे एकामागोमाग एक येतात आणि नजर पुढे नेण्याची सवय लागते. उरलेले मांड्या आणि पोट यांचे काम घरच्या सतरंजीवर होते. वीस मिनिटांच्या सत्रात रायडर दमतो तो पायांनी. पाय दमले की हातांवर भार येतो आणि बाइक बिघडल्यासारखी वागू लागते.

प्रश्न : माझी मुलगी 19 वर्षांची आहे आणि तिला मोटारसायकल शर्यतीत उतरायचे आहे. आमच्या घरात कुणी या क्षेत्रातले नाही. मला भीती वाटते, पण तिला अडवायचेही नाही. सुरुवात कुठून करावी? — एक आई, सांगली

ताई, तुमची भीती योग्य आहे आणि तिला न अडवण्याचा तुमचा निर्णयही योग्य आहे. सुरुवात स्वतःची बाइक विकत घेऊन करू नका. टीव्हीएसच्या वन मेक चॅम्पियनशिपमध्ये नवोदितांसाठी आणि महिलांसाठी स्वतंत्र गट राहिलेले आहेत. वन मेक शर्यतीत सर्वांना एकाच प्रकारची, कंपनीने तयार केलेली बाइक मिळते, त्यामुळे कुणाच्या वडिलांनी किती खर्च केला यावर निकाल ठरत नाही आणि बाइकच्या मांडणीचे ओझेही सुरुवातीला मुलीवर येत नाही. राष्ट्रीय पातळीवर शर्यत लावण्यासाठी एफएमएससीआय या महासंघाचा परवाना लागतो. निवड फेरीला जाण्याआधी तिने निदान दोन ट्रॅक डे प्रशिक्षकासोबत करावेत, म्हणजे झेंड्यांचे अर्थ, पिटमध्ये शिरण्याची पद्धत आणि मागून येणाऱ्याला जागा देण्याचे भान तिला आलेले असेल.

साहित्य भाड्याने मिळत असले तरी हेल्मेट तिचे स्वतःचे, तिच्या डोक्याच्या मापाचे असू द्या. घातल्यावर गाल आत दाबले गेले पाहिजेत, आणि पट्टा बांधून मागून वर ढकलल्यावर ते पुढे निघता कामा नये. दुकानात तिला ते वीस मिनिटे घालून बसवा. कपाळावर एका जागी दुखू लागले तर तो आकार तिचा नाही.

पहिल्या ट्रॅक डेला तुम्हीही सोबत जा. तिच्या प्रत्येक फेरीची वेळ लिहून घ्यायला पिटमध्ये कुणीतरी विश्वासाचे लागते. एक घड्याळ आणि एक वही तुमच्याकडे असू द्या.